देवणी की लाल कंधारी? नोंदणीचा कळप उभा करताना

देवणी आणि लाल कंधारी या मराठवाड्याकडच्या दोन देशी गाई. फक्त दुधाकडे बघून ठरवायचं असेल तर फार विचार नको, देवणी घ्या. एका वेताला साडेआठशे-नऊशे लिटरची सरासरी देवणीची, लाल कंधारीची सहाशेच्या आसपास. फॅट दोघींचं चार टक्क्यांच्या वर. बैल दोन्हीकडचे कामाचे, आणि हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत गिऱ्हाईक दोघांनाही मिळतं. प्रश्न पडतो तो ज्यांना जातिवंत कळप राखायचाय, पैदासकार संघात नाव घालायचंय आणि गोऱ्हे वळू म्हणून विकायचेत त्यांना.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे दोन्ही जाती नोंदलेल्या आहेत, पण ती नोंद जातीची. तुमच्या दावणीच्या गाईची नव्हे. गाईच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला तिची ओळख सांगतो. जातीच्या रकान्यात मात्र बिल्ला मारणाऱ्याने जे भरलं ते राहतं. केंद्राची हर्ड नोंदणी योजना गीर, कांक्रेज, हरियाणा आणि ओंगोल या गाईंसाठी आखलेली. म्हणजे आपल्या दोघींची वंशावळ शेवटी पैदासकाराच्या वहीत आणि संघाच्या पाहणीत.

पाहणीला आलेला माणूस आधी रंग बघतो, आणि देवणीचं दुखणं तिथेच आहे. देवणीत तीन प्रकार मान्य आहेत: वानेरा (अंग पांढरं, तोंडावर काळं), बाळंक्या (पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूला काळे ठिपके) आणि शेवरा (अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके). शेवऱ्याला ठिपक्यांचं बंधनच नाही. आता गावात गेली कित्येक वर्षं होल्स्टीन या काळ्या-पांढऱ्या विदेशी जातीचं रेतन चालू आहे. होल्स्टीनचं रक्त दोन-तीन पिढ्यांत पातळ झालं की उरलेलं काळं-पांढरं जनावर शेवरा म्हणून सहज खपतं. बाजारात तर खपतंच, पण वहीतही शिरतं, आणि त्याचा गोऱ्हा वळू झाला की पुढची दहा-वीस वासरं संशयात जातात. वशिंड बसकं आहे का, गळपोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) आखूड आहे का, नाकपुडी आणि पापण्या गुलाबी आहेत का, हे बघून बरंचसं ओळखता येतं. पण कालवडीच्या वयात वशिंड-पोळी भरलेलीच नसते, आणि खरेदी नेमकी त्याच वयात होते.

लाल कंधारीत ही कटकट निम्म्याने कमी. सगळं अंग एकरंगी गडद लाल, वळू गाईपेक्षा काळपट, डोळ्याभोवती काळी कडा, कान लांब आणि टोकाला झुकलेले. होल्स्टीनचा शिरकाव झाला की काळा रंग पुढच्या पिढीत बहुधा चुगली करतो. जर्सीचा फिका रंगही नजरेत भरतो. साहिवाल किंवा लाल सिंधीचं रक्त मात्र लपून राहू शकतं, तेव्हा लाल रंग म्हणजे शुद्धतेचा दाखला असंही धरू नये. २०२१ मध्ये आलेल्या इंडिगऊ चिपसारख्या जनुकीय तपासण्या आहेत, पण चार-सहा गाईंच्या मालकाला त्या सहसा हाताशी नसतात.

स्कॉटलंडच्या हायलँड गाईंची वंशावळीची वही १८८५ पासून छापली जाते. तिथे काळा, तांबडा, पिवळा, पांढरा, पट्टेरी असे कितीतरी रंग चालतात, कारण आई-बाप कागदावर आहेत. आपल्याकडे तो कागद तयार होईपर्यंत रंगावरच भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे सुरुवात करणाऱ्याने एकरंगी जात घेतलेली बरी, असं मला वाटतं. ज्याच्या घरी तीन पिढ्यांची देवणी आहे त्याने अर्थातच हे मनावर घेऊ नये.

जात कोणतीही घ्या, वही नीट नसेल तर नोंदणी अडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतन झाल्यावर वीर्याची रिकामी नळी फेकू नका. तिच्यावर वळूचा क्रमांक आणि वीर्य भरल्याची तारीख छापलेली असते, ती वहीत त्या दिवसाच्या नोंदीशेजारी चिकटवा. गाभणकाळ साधारण २८० ते २८५ दिवस. त्यात आठ-दहा दिवस इकडेतिकडे चालतं, पण गाय २६० दिवसांत पूर्ण वाढीचं वासरू व्यायली तर बाप दुसराच आहे. बहुतेक वेळा तो चरायच्या रानातला मोकाट वळू असतो, म्हणून माजावरची गाय दोन दिवस दावणीलाच ठेवावी. कळपातले नापसंत गोऱ्हे वेळेत खच्ची करा. घरचा वळू तीन वर्षांच्या आत बदला, नाहीतर त्याच्याच कालवडी त्याच्याखाली येतात.

वासराचे फोटो दोन्ही कुशींचे आणि समोरून, पहिल्या आठवड्यात. देवणीला तर हे हवेतच, कारण ठिपके जन्मभर जागा सोडत नाहीत आणि वासरू बदलल्याचा वाद फोटोने मिटतो. लाल कंधारीची दोन वासरं फोटोत सारखीच दिसतात, तिथे बिल्ल्यावाचून गत्यंतर नाही. या एका बाबतीत देवणी सरस, हे मान्य करायला हवं. बिल्ला कानाच्या मधोमध, दोन कूर्चांच्या (कानातल्या कडक पट्ट्यांच्या) मध्ये बसवा. भर पावसाळ्यात मारला तर माशी बसून कान सडतो आणि बिल्ला गळून पडतो.

दुधाची नोंद महिन्यातून एक दिवस, दोन्ही वेळची. दोन्ही जाती वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत, म्हणून दोन सड वासराला, दोन सड मापाला आणि आकडा दुप्पट. हा अंदाजच, पण दर महिन्याला एकाच पद्धतीने केलेला असावा. बाजारात सांगितलेलं दूध वहीत लिहू नये.

पहिली खरेदी कालवडीची नको. दुसऱ्या वेताची, वासरू पायाशी असलेली गाय घ्या, म्हणजे तिचं वशिंड, कास आणि तिने दिलेला रंग एकदमच बघून होतो. गाय पुन्हा गाभण आहे असं सांगत असतील तर नळी किंवा वळूच्या बिल्ल्याचा क्रमांक मागा. दोन्हीही नसेल तर गाय खुशाल घ्या, पण पोटातलं वासरू नोंदणीच्या हिशोबात धरू नका आणि त्याचे पैसेही देऊ नका.