स्वित्झर्लंड: ट्रॅव्हल पास घ्यावा की हाफ फेअर कार्ड?

आठ दिवसांच्या सहलीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा असतो आणि तेवढे दिवस रेल्वेने कितीही फिरता येतं. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि बहुतेक तिकिटं अर्ध्या दरात देतं.

खर्चाचा निकाल डोंगरांवर लागतो. पासवर रिगी फुकट, पण युंगफ्राउयोखला पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच मोफत. पुढे फक्त २५ टक्के सवलत. कार्डावर तिथेही ५० टक्के! टिटलिस आणि गॉर्नरग्राटला दोन्हींवर निम्मं भाडं.

कष्ट मात्र कार्डाचे जास्त. गाडीत बसण्याआधी दर वेळी तिकीट काढावं लागतं, नाहीतर दंड. स्टेशनांची नावं स्थानिक भाषेत शोधा: लुसर्न म्हणजे 'लुत्सर्न', जिनिव्हा म्हणजे 'झनेव्ह'. स्वस्त 'सुपरसेव्हर' तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. पासवर शहरातली ट्राम, बस, तलावातल्या बोटी आणि ५०० हून अधिक संग्रहालयं येतात. ग्लेशियर एक्सप्रेस या पर्यटक गाडीचं आरक्षण मात्र दोन्हींत वेगळं भरावं लागतं.

एसबीबी (स्विस रेल्वे) ॲपमध्ये पूर्ण भाडी बघून बेरीज करा, निम्मी करा, त्यात कार्डाची किंमत मिळवा, मग पासची किंमत आणि पासवरही भरावं लागणारं डोंगरांचं भाडं यांच्या बेरजेशी ताडा.

रोज गाव बदलणाऱ्यांनी, आई-वडिलांना घेऊन निघालेल्यांनी पास घ्यावा. एकाच गावी मुक्काम ठेवून दोन-तीन महागडी शिखरं करणाऱ्यांना कार्ड पुरतं. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मोफत फॅमिली कार्ड दोन्हींबरोबर मागून घ्याच; त्यावर मुलं आई-वडिलांसोबत फुकट फिरतात.