दंडावरचा शुगर सेन्सर : यंत्रमागाच्या शेडमधून काही महिन्यांचा अनुभव

आधी माझ्या तब्येतीचं सांगतो, कारण हा सेन्सर कुणाला किती उपयोगी पडेल ते ज्याच्या त्याच्या आजारावर अवलंबून आहे. वय साठीच्या पुढं. बेळगावात वडगावला घर आणि घराला लागूनच यंत्रमागाची शेड. मधुमेह वीस वर्षांहून जुना. सकाळी आणि रात्री जेवणाआधी मिक्स, म्हणजे जलद आणि संथ एकत्र केलेल्या इन्सुलिनचं पेन. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला लेसर झालंय, तळपायांची जाणीव बरीच गेली आहे आणि रक्तातलं क्रिएटिनिन हळूहळू वर सरकतंय, म्हणजे किडनीचं काम मंदावतंय. नुकतीच शुगर निघालेल्या आणि गोळीवर असलेल्या माणसाचा अनुभव यापेक्षा पुष्कळ वेगळा असणार.

सेन्सर म्हणजे दंडाला चिकटवायचं एक बटण. ते दिवसरात्र शुगर मोजतं आणि तिचा आकडा आणि आलेखाची रेघ फोनवर दाखवतं. उन्हाळ्याच्या अखेरीला पहिला सेन्सर लावला. पावसाळा गेला, गणपती गेले, आता लग्नसराई तोंडावर आहे. मधल्या काळात काही पंधरवडे लावला, काही पंधरवडे सोडले. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारात मिळणाऱ्या चौदा दिवसांच्या बहुतेक सेन्सरना पुढचं सगळं थोड्याफार फरकानं लागू पडतं.

घेतला तो रात्रीच्या भीतीपोटी. इतकी वर्षं मधुमेह असला की शुगर उतरल्याची खूण शरीर द्यायचंच थांबवतं. पूर्वी हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा, पोटात खड्डा पडायचा. आता त्यातलं काहीच होत नाही, एकदम बोलणंच अडखळायला लागतं. त्यात किडनीचं काम मंदावलं की इन्सुलिन शरीरातून लवकर निघून जात नाही, त्याचा असर लांबतो. रात्री घेतलेल्या मिक्स इन्सुलिनमधल्या संथ भागाचा जोर साधारण मध्यरात्रीनंतर येतो, म्हणजे नेमका सगळं घर झोपेत असताना. सकाळी बोटाला टोचून बघावं तर उपाशीपोटी १४० किंवा १५०, सगळं ठीक. पहाटे तीनला काय झालं, ते त्या आकड्यात दिसायचंच नाही. सेन्सर लावल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसलं. दोन ते चारच्या दरम्यान रेघ ६० च्या खाली जायची, तासभर तिथंच राहायची आणि पहाटे आपोआप वर यायची. डॉक्टरांनी तो आलेख पाहून रात्रीचा डोस तिथल्या तिथं कमी केला. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी सेन्सरला चांगलंच म्हणेन.

लावायला सोपा आहे. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटनं पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि दाबायचं. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते, आत केसाएवढी मऊ तार तेवढी राहते. दुखत नाही. सुरू व्हायला तासभर लागतो, पण पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही. ते बऱ्याचदा बोटाच्या रक्ताशी जुळत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून जुळतात.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती नीट समजून घ्या. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पेशींच्या भोवतालच्या पाण्यातली मोजतो. साखर आधी रक्तात बदलते आणि मग तिथं पोचते, म्हणून आकडा पाच-दहा मिनिटं मागं असतो. शुगर स्थिर असेल तेव्हा फरक पडत नाही. ती भराभर उतरत असेल तेव्हा सेन्सर ८० दाखवतो आणि रक्तात ती ६५ असू शकते. म्हणून मी आकड्याइतकाच शेजारचा बाण बघतो. ९० आणि बाण आडवा असेल तर काम चालू ठेवतो. ९० आणि बाण सरळ खाली असेल तर माग बंद करून बसतो.

आणि उतरली की तोंडात काय घालायचं, हेही या आलेखानंच शिकवलं. आमच्याकडं पाहुणारावळा म्हणजे कुंदा घरात असणारच, आणि शुगर उतरली म्हटलं की मंडळी पहिल्यांदा तोच पुढं करतात. पण आटवलेल्या दुधातल्या चरबीमुळं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. बाण खालीच राहतो, माणूस घाबरून आणखी खातो आणि दोन तासांनी शुगर ३०० ला टेकते. मोसंबीचा रस, शहाळ्याचं पाणी हे किडनीवाल्याला पोटॅशियममुळं जपूनच घ्यावं लागतं. म्हणून आता साधी ग्लुकोज पावडर. तीन चमचे पाण्यात, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बघायचं, तेही बोटाला टोचून, कारण सेन्सर त्या वेळी मागं असतो. एक डबा पलंगाशी, एक शेडमध्ये, एक स्कूटरच्या डिकीत.

शेडमध्ये एक अडचण निघाली, ती आमच्यासारख्यांनाच येईल. चार माग एकदम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं फोनचा अलार्म काय ऐकू येणार! थरथरही मागाच्या हादऱ्यात हरवते. शेवटी हुबळीच्या मुलीला माझे आकडे तिच्या फोनवर दिसतील असं केलं. शुगर उतरली की तिलाही अलार्म जातो, ती तिच्या आईला फोन करते आणि ही शेडमध्ये येऊन खटका पाडते. एका दुपारी फोनवरून मुलीची आईला हाक आली, "अप्पांना आधी बसव, मग विचार काय ते." मी उभाच होतो, मला काहीच जाणवलं नव्हतं. बोटाला टोचल्यावर ५२.

फोन माझ्यापासून दहा पावलांच्या आत असावा लागतो. मधल्या भिंतीपलीकडं खोलीत राहिला तर संपर्क तुटतो, परत जवळ आणला की मधली रेघ भरून निघते, पण तेवढा वेळ अलार्म वाजत नाही. डोळ्यांमुळं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मुलीनं फोनवरचा आकडा जमेल तेवढा मोठा करून दिलाय.

खाण्याबद्दल लिहावं तेवढं थोडं. जोंधळ्याची भाकरी शुगरला चालते, असं आमच्याकडं लहानपणापासून ऐकत आलो. चालते, पण मोजून. तीन भाकऱ्या पातळ आमटीशी खाल्ल्या की दीड तासात २५० च्या वर. एक भाकरी, भाजी आणि थोडी मटकीची उसळ, तीही भाजी आधी खाऊन, असं केलं तर १८०-१९० वर थांबते. पण इथं किडनी आडवी येते. शुगरचा डॉक्टर उसळ वाढवा म्हणतो, किडनीचा डॉक्टर प्रथिनं मोजा म्हणतो. पालेभाजीत आणि बटाट्यात पोटॅशियम, म्हणून चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं. दोन्ही आजारांना पटेल असं ताट एका आहारतज्ज्ञ बाईंनी बसवून दिलं, त्यांनीही सेन्सरचे आकडे समोर ठेवूनच.

आषाढी एकादशीचा उपवास मी वर्षानुवर्षं करत आलो. साबुदाण्याच्या खिचडीनं रेघ कशी वर जाते ते या वर्षी डोळ्यांनी पाहिलं, बाण तासभर सरळ वर. रताळं त्या मानानं बरं, उकडून आणि थोडंसं. आमच्या बेळगाव-खानापूर भागात रताळ्याचं पीक मोठं, पावसाळा सरता सरता बाजार त्यानं भरून जातो. पण किडनीमुळं मला तेही फोडीवर मोजून. लग्नाच्या पंगतीत मांडे असतातच. अर्धा मांडा खातो, बाकीचा बाजूला काढून ठेवतो आणि वाढणाऱ्याला आधीच सांगतो. सेन्सर लावल्यापासून मंडळी आग्रह कमी करतात. दंडावरचं ते बटण दिसलं की लोकांना आजार खरा वाटतो, हेही खरंच.

जेवणानंतर शेडमध्ये किंवा अंगणात पंधरा-वीस मिनिटं चाललं की रेघ खाली वळते. रोज दिसतं, म्हणून रोज चालणं होतं. अनवाणी मात्र कधीच नाही. शेडमध्ये खिळा, तुटका दोरा, तारेचा तुकडा काहीही पडलेलं असतं आणि पायाला कळत नाही. मऊ एमसीआर रबराच्या तळव्याची चप्पल घरातसुद्धा.

आता जिथं मन खट्टू झालं ते. झोपेत सेन्सरच्या बाजूला कूस वळली की दाबामुळं खोटाच कमी आकडा येतो. डाव्या कुशीवर झोपायची सवय, आणि पहिला सेन्सर डाव्याच दंडाला. रात्री अलार्म वाजायचा, सगळं घर जागं व्हायचं आणि बोटाला टोचलं की ११०. आता उजव्या दंडाला लावतो. पावसाळ्यात चिकटपट्टीच्या कडा सुटतात. वडगावात जुलैमध्ये हवाच ओली असते, त्यात शेडमधला घाम. वरून गोल पट्टी लावावी लागते, ती वेगळी घ्यावी लागते. एक सेन्सर मुदतीआधीच बंद पडला. कंपनीला कळवल्यावर दुसरा आला, पण फोनवर बराच वेळ समजावून सांगावं लागलं. एमआरआय किंवा सीटी स्कॅनला बरेच सेन्सर काढून जावं लागतं, त्यामुळं तारखा आधी जुळवून घ्या. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सरचा आकडा खोटा वाढतो, त्याचीही विचारपूस करा.

आणि किंमत. एक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात, म्हणजे महिनाभर सलग लावला तर मागावरच्या कमाईतला मोठा घास. म्हणून डॉक्टरांशी बोलून बेत ठरवलाय. इन्सुलिनचा डोस बदलला की एक, सणावारात एक, आजारपणात किंवा जेवण कमी जात असेल तेव्हा एक. मधल्या दिवसांत ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. रात्रीची भीती पुन्हा वाटू लागली तर मात्र खर्चाचा विचार करायचा नाही, असं घरात ठरलंय.

तपासणीला जाताना चौदा दिवसांचा आलेख फोनवर घेऊन जातो. शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीएवनसी, माझ्या बाबतीत फसवा ठरू शकतो, कारण किडनीमुळं रक्त कमी झालंय आणि त्यावर इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर आता आलेखातलं दोनच बघतात. ७० ते १८० च्या पट्ट्यात वेळेचा किती भाग गेला, आणि ७० च्या खाली किती. तरुणांना पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ हवा. माझ्यासारख्या वयस्कर आणि गुंतागुंतीच्या रुग्णाला ५० टक्क्यांहून जास्त पुरतो, पण ७० च्या खाली एक टक्काही जायला नको. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून हे आकडे ठरवले. हे ऐकल्यापासून २०० दिसला तरी जीव घाबरत नाही.

सेन्सरनं माझे डोळे सुधारले नाहीत, पायाची जाणीव परत आली नाही, क्रिएटिनिनही उतरलं नाही. ती तपासणी आणि ते उपचार वेगळे चालूच आहेत. पाचपैकी चार तारे देईन, एक किमतीसाठी राखून.

खानापूरच्या मेहुण्यानं माझा दंड पाहून स्वतःसाठी सेन्सर मागवायचं ठरवलं होतं. त्याला शुगर निघून तीन वर्षं झाली, एका गोळीवर आहे, कधी उतरत नाही. मी त्याला नको म्हटलं. त्याच पैशात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि तळपायाची दोऱ्यानं होणारी तपासणी करून घे म्हणालो. यातली एकही त्यानं अजून केलेली नाही. पुढच्या आठवड्यात तो बेळगावला येतोय, मी बरोबर जाणार आहे.