आठ महिने क्लचशिवाय: बारा गिअरच्या ऑटोमॅटिक ट्रकचा अनुभव

पहिले चार दिवस माझा डावा पाय हवेतच क्लच दाबत होता. पुढची गाडी थांबली की पाय आपोआप उठायचा आणि रिकाम्या मॅटवर आपटायचा. बावीस वर्षं हातगिअरच्या गाड्या चालवल्यावर दुसरं काय होणार? त्यातली पहिली काही वर्षं तर सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरचे फेरे आपोआप जुळवणारा भाग, नसलेल्या गिअरबॉक्सवर गेली. तिथे खालचा गिअर घ्यायचा म्हणजे एकदा क्लच दाबून न्यूट्रल, मग रेस देऊन इंजिनाचे फेरे जुळवायचे, मग पुन्हा क्लच. चुकलं की खालून खर्रर्र आवाज यायचा आणि शेजारी बसलेले उस्ताद विचारायचे, "गिरणी सुरू केलीस का रे?"

आता गिरणी बंद. आठ महिन्यांत सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास झाले. ज्यांना अशी गाडी मिळणार आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गैरसमज काढतो. नाव ऑटोमॅटिक असलं तरी आतला गिअरबॉक्स जुन्याच घराण्यातला आहे. तेच दात, तीच कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच सोडण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर करतात, आणि कधी टाकायचा ते संगणक ठरवतो. व्होल्वोचा आय-शिफ्ट २००१ मध्ये आला, म्हणजे हे काही कालपरवाचं नवल नाही. पण क्लच आहे म्हणजे ती जळूही शकते. तिसऱ्या आठवड्यात भरलेली गाडी चढावर रिव्हर्समध्ये इंच इंच मागे घेताना समोर क्लच तापल्याची सूचना आली. जुन्या गाडीत पायाला कळायचं, प्लेट कुठे धरतेय ते. इथे उजव्या पायाने नुसती इच्छा सांगायची, धरायचं किती ते संगणक ठरवणार. अर्धवट रेस देत राहिलात की प्लेट घसरत राहते. थोडं सरकायचं, पूर्ण थांबायचं, मग पुन्हा सरकायचं, हे शिकायला मला महिना लागला. माल चढवायच्या धक्क्याला गाडी लावायचं माझं कसब या गाडीत शून्यावरून सुरू झालं, आणि बाजूला उभी असलेली पोरं बघत होती!

सपाट हायवेवर मात्र या गिअरबॉक्सला नाव ठेवायला जागा नाही. गुडघा दुखायचा थांबला. वाहतूक कोंडीत दोन तास काढल्यावरही रात्री पायऱ्या चढता येतात, एवढं एकच कारण पुरेसं आहे. हातगिअरशिवाय खरी ड्रायव्हिंग नाही म्हणणाऱ्यांनी आपले गुडघे एकदा तपासून यावेत.

क्रूझ कंट्रोलला, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेला, पुढच्या रस्त्याचा चढउतार नकाशावरून माहीत असतो. माथा जवळ आला की तो आधीच रेस कमी करतो, गाडी स्वतःच्या वजनावर माथा ओलांडते आणि पलीकडच्या उतारावर वेग परत मिळतो. हे मी आधीही करायचो, पण ओळखीच्या रस्त्यावर. हा अनोळखी रस्त्यावरही करतो, रात्री करतो आणि धुक्यातही करतो. इथे मी हरलो, कबूल.

मात्र हलक्या उतारावर गाडी स्वतःहून न्यूट्रलमध्ये जाते तेव्हा आजही पोटात गोळा येतो. उतारावर न्यूट्रल मारायचा नाही, हा आमचा पहिला धडा. डिझेल वाचतं म्हणून कित्येक जण तसं करतात, पण आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना रेस सोडली की डिझेल बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं लागतं. गाडी न्यूट्रल घेते ती इंजिनाची ओढ टाळून लांब घरंगळायला, तेही वेग हद्दीत असेपर्यंत. खड्या उतारावर माणसाने तेच केलं तर इंजिनाची धर जाते, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. नव्या पोरांना दोन्हींतला फरक सांगावा लागतो. गाडी करते म्हणून तीही करायला जातात.

रिटार्डरवर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग धरणाऱ्या यंत्रणेवर, थोडं जास्त लिहितो, कारण याच्यावर आंधळा विश्वास टाकणारे मी पाहिलेत. गिअरबॉक्सला जोडलेल्या भांड्यात तेल भरतं, फिरणारं चक्र त्या तेलाला स्थिर चक्रावर आपटतं, आणि गाडीचा जोर तेलात उष्णता होऊन उतरतो. ती उष्णता जाते रेडिएटरच्या पाण्यात. म्हणून लांब घाट उतरताना, रेस शून्य असूनही, पाण्याचा काटा चढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं पंखा गेला. उपाय जुनाच: उतार सुरू होण्याआधी वेग कमी, गिअर खालचा. इंजिनाचे फेरे जास्त राहिले की पंप आणि पंखा दोन्ही जोरात चालतात. म्हणजे चढाला वापरता तोच गिअर उताराला, हा उस्तादांचा नियम जवळजवळ तसाच टिकलाय. आणि रिकामी गाडी, ओला रस्ता असेल तर रिटार्डर बंद. तो फक्त ओढणाऱ्या चाकांना धरतो. ती घसरली की ट्रेलर ढकलत येतो आणि गाडी मधोमध दुमडते. वेळही मिळत नाही.

आता तक्रारी. एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. लांब पल्ल्यावर गाडी ते आपोआप उरकते. गावातल्या थांब-चाल फेऱ्यांत दिवा लागतो, आणि मग बाजूला उभं राहून अर्धापाऊण तास इंजिन जोरात चालवत बसायचं. वाळलेल्या गवतावर अजिबात नाही. धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी संपू दिलं तर इंजिनाची ताकद कापली जाते, हे मी अनुभवलेलं नाही. टाकी भरताना झाकण दोनदा बघतो, एवढंच.

टायरच्या दाबाचे सेन्सर उत्तम. जोडीतल्या आतल्या चाकाची हळू गळती त्याने मला सांगितली. मी रॉडने ठोकून आवाज ऐकतोच, पण त्या सकाळी मला ती कळली नव्हती.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकने एकदा खरोखर वाचवलं. तीनदा उगाच हिसका दिला, एकदा तर पुढची कार वळून निघून गेल्यावर. पण खरा राग केबिनमधल्या कॅमेऱ्याचा, जो ड्रायव्हरवर नजर ठेवतो आणि ज्याच्या नोंदींवरून गुण ठरतात. चौकात आरशात बघत होतो तर 'लक्ष विचलित' अशी नोंद झाली. समोर आडवा आलेल्या सायकलवाल्यासाठी जोरात ब्रेक दाबला, त्याचेही गुण कापले. सायकलवाला जिवंत आहे, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही. ऑफिसात समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, गुण काही परत आले नाहीत.

ड्रायव्हिंगचे तास मोजणाऱ्या घड्याळाचंही तसंच. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटं थांबायचं. अमेरिकेत काम सुरू केल्यापासून चौदा तासांच्या खिडकीत, म्हणजे तेवढ्या वेळाच्या आत, जास्तीत जास्त अकरा तास चालवायचं, आणि डिसेंबर २०१७ पासून ते मोजायला यंत्र सक्तीचं. नियम झोपेसाठीच आहेत, आणि बिनझोपेच्या रात्री काढलेला माणूस त्यांना विरोध करणार नाही. पण माल भरणारा चार तास ताटकळत ठेवतो तेव्हा तो वेळ ड्रायव्हरच्याच खिडकीतून जातो. मग संध्याकाळी उभं राहायला जागा शोधत फिरायचं, एक डोळा रस्त्यावर, एक घड्याळावर.

मागच्या महिन्यात गाडी दुरुस्तीला गेली आणि दोन दिवस जुनी हातगिअरची मिळाली. ऐटीत बसलो. पहिल्याच चढावर खालचा गिअर घेताना फेरे जुळले नाहीत, खर्रर्र. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा रेडिओ बंद केला, काच खाली घेतली, इंजिन ऐकलं आणि मग गिअर बसला.