नाथसागरासाठी ४००० साइजचं रील आणि आठ फुटी रॉड: घ्यावं का?

दुकानात टुना मासा पकडायचं भलंमोठं रील दाखवलं, तर भुलू नका. खोल समुद्रात टुना एका दमात शेकडो मीटर दोर ओढून नेतो, म्हणून तिथं तेवढं रील लागतं. नाथसागरातल्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातल्या, कटल्याला किंवा रोहूला ते कशाला? इथं फायबरग्लासचा दोन तुकड्यांचा रॉड आणि ४००० साइजचं, म्हणजे मध्यम आकाराचं, स्पिनिंग रील, हा जोडसंच पुरतो. कार्बनचा रॉड हलका खरा, पण दगडावर आपटला की बारीक तडा जातो आणि ऐन ताणात मोडतो.

रीलपेक्षा रॉडच्या कड्या, ज्यांतून दोर जातो त्या, आधी तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून आतून फिरवायचा. तंतू अडकला, तर चिनी मातीच्या रिंगला तडा आहे; तोच पुढं दोर कापतो. कापूस आपल्याकडं काय कमी आहे!

या संचाची खरी गोची ड्रॅगमध्ये, म्हणजे मासा ओढू लागला की दोर ताणानिशी सोडणाऱ्या रीलच्या ब्रेकमध्ये, आहे. त्यातले वॉशर कोरडे असले की दोर झटक्यानं सुटतो आणि तिथंच तुटतो. थोडं ड्रॅग ग्रीस लावलं की सुधारतं. २० पौंडी दोर म्हणजे साधारण ९ किलोचा ताण सोसणारा. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोवर, ताणकाट्यानं लावा. स्पूल, म्हणजे रीलची दोर गुंडाळायची फिरकी, काठोकाठ भरू नका, दोनेक मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर फेकताना गुंता ठरलेला.

बुडालेल्या बाभळींच्या खोडांत मात्र हा रॉड कमी पडतो. तिथं मरळीसाठी आखूड, ताठ रॉड घ्या. आणि गळ टाकण्याआधी परवानगीचं बघा, हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे.