सोलंगची एटीव्ही राईड: शिकवतात छान, हेल्मेट बघून घ्या

मनालीहून साधारण १३ किलोमीटरवर सोलंग. मे महिन्यात आम्ही तिघं गेलो होतो, सोबत अकरा वर्षांची लेक. एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी, जाड टायरची चारचाकी उघडी गाडी. ती देणाऱ्या पोराने मला मनापासून शिकवलं. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, अंगठ्याने हळू दाबायचा, चढावर अंग पुढे, उतारावर मागे, वळताना आतल्या बाजूला झुकायचं. मोकळ्या जागेत दोन चकरा मारून घेतल्या, मगच ट्रॅकवर सोडलं. याचे त्याला पैकीच्या पैकी मार्क.

हेल्मेटचं मात्र बक्कल तुटलेलं, पट्ट्याला चक्क गाठ! बदलून मागितलं, तिसरं नीट बसलं. मग म्हणाला, ‘दीदी, बच्ची को आगे बिठा लो.’ मी साफ नाही म्हटलं. गाडी एकाच माणसाची आहे, पुढे मूल बसलं की चालवणाऱ्याला अंग हलवायला जागाच उरत नाही. मोठ्यांची एटीव्ही सोळाच्या आतल्या मुलांच्या हातात देणंही चूकच. लेक रुसली, पण भाजलेल्या कणसावर मिटलं.

वाटेत समोरून घोडेवाला आला. मी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. घोडं कान मागे पाडून थबकलेलं, मिनिटभराने सावकाश पुढे गेलं. माझ्या मागचे दोघे मात्र ट्रॅक सोडून थेट गवतात घुसले. ओल्या हिरवळीत काळेभोर चर पडले, बघून पोटात तुटलं. त्यांना तिथं कुणीच हटकलं नाही, म्हणून दोन तारे कमी.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि पैसे देण्याआधी हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघा.