एअरब्रश घेताय? आधी टाकी बघा

मुंबईत राहून मॉडेलं रंगवायची असतील आणि एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशचा, पहिला सेट घ्यायचा असेल, तर ब्रशपेक्षा त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीकडे बघा. विकणारे नोझल किती बारीक आहे तेवढंच सांगतात. पाण्याचं नाव कोणी काढत नाही.

माझ्या सेटचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या रंगांच्या खोक्यांत मिळतो. ओळखायची खूण सांगते. १/६ एचपीची पिस्टनची मोटर, तिच्याखाली ३ लिटरची आडवी टाकी, उचलायला वर दांडा, पुढे दाब दाखवणारा गेज, दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर आणि त्याच्या पोटाला पाणी साठायचा पारदर्शक कप. ३ बारला (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) चालू होतो, ४ बारला आपोआप बंद. सोबत ०.३ मिमी नोझलचा, वर रंगाची वाटी असलेला ड्युअल अॅक्शन ब्रश (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) आणि विणीची नळी. दहा हजारांच्या आतबाहेर पडतो. बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर तीन-चार हजारांत येतो आणि बहुतेक जण तोच घेतात.

मी डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते, त्यामुळे कॉम्प्रेसर ही माझ्यासाठी नवलाची वस्तू नाही. हवेत पाणी आलं की आमच्या सँडब्लास्टरमधली वाळू दमट होऊन नोझलमध्ये बसते आणि काम अडतं. घरी रंगवायच्या मॉडेल विमानांनाही तोच नियम लागू आहे. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते. ४ बारला टाकी भरली म्हणजे बाहेरची पाच टाक्या हवा एका टाकीत कोंबली. पण टाकीतल्या तेवढ्या जागेत वाफ मावते ती पूर्वीएवढीच. हिशेब केला तर हवा गार झाल्यावर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी खाली पडायलाच हवं. प्रश्न एवढाच, की ते पडणार कुठे? टाकीत पडलं तर खालचा नट सैल करून सोडून देता येतं. टाकी नसेल तर गरम हवा थेट नळीत शिरते, तिथे गार होते आणि पाण्याचा थेंब रंगासोबत तुमच्या पंखावर येऊन बसतो.

आमच्या परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ऐन पावसाळ्यात मूर्ती रंगवायच्या, मागे हॅलोजन लावून वाळवायच्या, त्यांना दमट हवेची ओळख आपल्यापेक्षा जुनी. गल्लीतल्या कारखान्यात एका कारागिराला सहज विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "ताई, सकाळी आधी टाकीचं पाणी सोडायचं, मग देवाला हात लावायचा." सेटसोबतच्या माहितीपत्रकात हे वाक्य नाही. असायला हवं होतं.

गेजखालचा पाण्याचा कप मात्र शोभेपेक्षा थोडाच बरा. तो मोटरला इतका चिकटून आहे की तिथे येणारी हवा अजून कोमटच असते, आणि कोमट हवा पाणी सोडत नाही. अर्धा तास सलग फवारलं की मोटर तापते आणि कपाचा उपयोग आणखी कमी होतो. उपाय सोपा आहे. ब्रशच्या मुठीपाशी लावायचा छोटा गाळणीवजा ट्रॅप मिळतो, तो बसवायचा आणि नळी लांब घ्यायची, म्हणजे तिथपर्यंत हवा गार होते. जोडाचा आटा १/८ बीएसपी या मापाचा आहे. नागदेवी स्ट्रीटवर हवेच्या फिटिंगची दुकानं आहेत, तिथे नळी आणि ती जोडायचं निपल दोन्ही मिळाले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, स्प्रे गनसाठी का टायरसाठी?" म्हटलं, विमानासाठी. त्याने वर बघितलं, पण निपल बरोबर तोच काढून दिला.

तर विमान. १/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचा, सी हॉक हे लढाऊ जेट, आपल्या नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचा, म्हणजे व्हाइट टायगर्सचा. विक्रांतवरून ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बाजार आणि चितगाववर जे गेले तेच हे विमान. या मापात ते जेमतेम साडेसोळा सेंटीमीटर लांबरुंद, तळहातावर मावतं. रंगसंगती ब्रिटिश आरमाराकडून आलेली, वर गडद समुद्री करडा, खाली स्काय नावाचा फिका हिरवट रंग. कॉम्प्रेसर तपासायला स्कायसारखा रंग नाही. तो इतका फिका आहे की पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग दुरून दिसतो. तामिया कंपनीचा एक्सएफ-२१ हा स्काय अर्ध्यास अर्धा पातळ केला, दाब १ बारच्या जरा वर ठेवला आणि खालची पूर्ण बाजू तीन पातळ हातांत मारली. बाहेर पाऊस धो धो होता. एक थेंब नाही, एक फोड नाही. दाबाचा काटा फवारताना किंचित खाली उतरतो आणि तिथेच थांबतो. लॅबमधल्या एका सहकाऱ्याकडे बिनटाकीचा आहे, त्याच्या ब्रशमधून हवा धडधडत येते आणि बारीक रेघेला गाठी पडतात. टाकी ही धडधड गिळून टाकते.

वरचा करडा मिस्टर हॉबी कंपनीचा एच-३३३. दोन रंगांमधली हद्द मास्किंग टेपने आखली, त्यामुळे तिथे ब्रशची परीक्षा अशी झालीच नाही. खरी परीक्षा झाली ती धुराची. सी हॉकचा जेट शेपटीतून बाहेर पडत नाही. तो दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही अंगांना निघतो. त्या दोन तोंडांमागे काजळीची फिकट ओढ काढायची होती, तीही आत गडद आणि मागे विरत जाणारी. रंग अगदी पाण्यासारखा केला, दाब पाऊण बारवर आणला आणि ट्रिगर केसभर मागे घेतला. इथे हा ब्रश अडखळतो. ट्रिगरचा पहिला मिलिमीटरभर प्रवास मोकळाच आहे, आणि मग रंग एकदम येतो. मागच्या मुठीतला सुईचा (नोझलमधून रंगाची वाट उघडबंद करते ती) थांबा फिरवून मर्यादा घातली तेव्हा कुठे हात बसला. शेवटी काजळी मनासारखी आली, पण त्यात ब्रशचं श्रेय थोडं.

खोक्यातून काढल्याबरोबर सुई लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, धरून बघा. माझ्या सुईच्या टोकाला अगदी सूक्ष्म हूक होता, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. अशा सुईने फवारा एका बाजूला झुकतो आणि आपण उगाच रंगाला दोष देत बसतो. २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई आडवी ठेवून, फिरवत फिरवत मागे ओढली की टोक सरळ होतं. नोझल हाताळताना पाना जपून फिरवा. ते तांदळाच्या दाण्याहून लहान आहे आणि त्याचा आटा पिळला की चिरतो. साफसफाईला दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश उत्तम. ते कुठल्याही केमिस्टकडे मिळतात आणि माझ्याकडे तर फुकट.

आतली वॉशरं कुठली हे विक्रेत्याला आवर्जून विचारा. टेफ्लॉनची असतील तर निर्धास्त. साध्या रबराची असतील तर लॅकर रंग पातळ करायच्या थिनरने ती फुगतात आणि सुई जाम होते. माझ्या सेटमध्ये सुईभोवतीचं टेफ्लॉनचं निघालं, हवेच्या झडपेतलं मात्र रबराचं. म्हणून आख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवत नाही, पुढचे सुटे भाग तेवढे बुडवते.

आता ज्याच्यावर टाकीचा इलाज नाही ते सांगते. दमट दिवशी लॅकर मारला की कधीकधी वर पांढुरकी धूसर झाक येते. हे नळीतलं पाणी नाही. थिनर झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि खोलीतलीच वाफ ओल्या रंगावर बसते. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने हे हमखास होतं. सावकाश उडणारा, रिटार्डर घातलेला लेव्हलिंग थिनर वापरला की बरंच टळतं. नाहीतर एसी ड्राय मोडवर लावून अर्धा तास थांबायचं. एसी नसेल तर श्रावणात चकचकीत क्लिअर कोट मारायचा हट्ट सोडा.

आवाजाचं म्हणाल तर वन बीएचकेत चालून जातो. टाकी भरली की बंद पडतो, फवारताना अधूनमधून सुरू होतो. खाली जुनी रबरी चटई घातली तर थरथर फरशीत उतरत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा दारात येऊन विचारलं, "काय गं, पाण्याचा पंप लावलास का? आमच्याकडे पाणी येईना." पंप नाही हे पटवायला त्यांना आत आणून सी हॉक दाखवावा लागला. काकूंनी विमान बघितलं, रंग चांगला म्हणाल्या, वासाने मात्र नाक धरलं. त्यात त्यांचं चुकलं नाही. थिनरचा वास घरभर होतो, म्हणून एक्झॉस्ट पंखा हवाच आणि तोंडाला कार्बनच्या डब्यांचा मास्क हवा. करोनातला कापडी नाही चालत, तो वाफ अडवत नाही. आणि स्वयंपाकघरात, पेटत्या गॅसच्या आसपास, अजिबात नको.

पुढचं काम जहाजाचं आहे, १/७०० मधली जुनी विक्रांत. मूळ जहाज ७०० फूट, म्हणजे मॉडेल बरोबर एक फुटाचं. तिच्या डेकवर हा सेट सुखाने चालेल, कारण मोठा सपाट करडा भाग एकसारखा मारणं त्याला उत्तम जमतं. पट्ट्या आणि आकडे डेकलचेच, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रांचेच, आहेत. वर उभं राहणारं सी हॉक या मापात पावणेदोन सेंटीमीटरचं, त्याला ब्रशच नको, तिथे ट्रिपल झिरोचा कुंचलाच.

तर माझं मत असं. कॉम्प्रेसरला पाचात साडेचार, अर्धा गुण त्या कोमट कपाचा कापला. ब्रशला अडीच. हात बसेपर्यंत तो वापरा आणि मग बऱ्या जपानी बनावटीचा ब्रश याच कॉम्प्रेसरला लावा, बहुतेकांचा आटा तोच आहे. वर्षाला एखाददुसरं मॉडेल करणाऱ्याने यात पैसे घालू नयेत, त्याला रंगाचे स्प्रे कॅन पुरतात. घेणाऱ्याने ऑर्डर देतानाच एक जादा सुई, एक जादा नोझल आणि टेफ्लॉन वॉशरांची पुडी मागून घ्यावी. मी नंतर मागितली तर विक्रेता म्हणाला, सुटे भाग ठेवत नाही, नवा ब्रशच घ्या.