महापेच्या कारखान्यातील सिस्को कॅटॅलिस्ट २९६०: स्टॅटिक राउटिंगच्या दृष्टीने परीक्षण

महापे एमआयडीसीतील ज्या कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो, तिथे कार्यालय, उत्पादन विभाग आणि कॅमेरे अशी वेगवेगळी व्हीलॅन (एकाच स्विचवरील स्वतंत्र, आभासी नेटवर्क) आहेत. त्यांच्यातील सगळी वाहतूक पूर्वी इंटरनेटच्या राउटरमधूनच जात असे, त्यामुळे कुणी कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग पाहायला घेतले की बिलिंगही रेंगाळत असे. ही वाहतूक स्विचवरच वळवण्यासाठी आम्ही सिस्को कंपनीचा जुना (सेकंडहँड), सॉफ्टवेअरची ‘लॅन बेस’ आवृत्ती असलेला चोवीस पोर्टचा कॅटॅलिस्ट २९६० स्विच घेतला. त्याच्या कामावर मी समाधानी आहे.

२९६० हा मुळात लेयर २ स्विच आहे, म्हणजे एकाच नेटवर्कमधील यंत्रे जोडणारा. स्टॅटिक राउटिंगची, म्हणजे नेटवर्कांमधले मार्ग हाताने लिहून ठेवण्याची, सोय त्याच्या आयओएस या कार्यप्रणालीच्या १२.२(५५)एसई या आवृत्तीपासून मिळते, आणि तीही आपोआप सुरू होत नाही. आधी एसडीएमचा (स्मृतीची वाटणी ठरवणाऱ्या सोयीचा) ‘लॅनबेस-राउटिंग’ हा साचा निवडून स्विच रीलोड करावा लागतो, कारण स्विचच्या स्मृतीतील जागा मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते) आणि मार्ग यांच्यात नव्याने वाटली जाते. रीलोड होईपर्यंत सगळे पोर्ट बंद राहतात, म्हणून हे काम पाळी सुटल्यावरच करावे आणि त्याआधी कॉन्फिगरेशन जतन करावे.

यानंतर ‘आयपी राउटिंग’ ही आज्ञा द्यायची. ती दिल्याबरोबर ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही जुनी नोंद (स्विचने स्वतःचे पॅकेट बाहेर कुठे पाठवायचे ते सांगणारी) निरुपयोगी होते, आणि दुसऱ्या नेटवर्कवरून टेलनेटने किंवा एसएसएचने (दूरवरून जोडणी करून) आत शिरलेल्या माणसाचा संपर्क तुटू शकतो. त्यामुळे हे काम स्विचला थेट जोडणारी कन्सोल केबल लावून, ९६०० बॉडवर करणे मला योग्य वाटते. त्या नोंदीऐवजी ०.०.०.० पत्ता, ०.०.०.० मास्क आणि राउटरचा पत्ता असा डिफॉल्ट मार्ग (दुसरा कुठलाही मार्ग लागू नसेल तेव्हाचा) लिहायचा.

बहुतेकांचे काम अडते ते परतीच्या मार्गावर. उत्पादन विभागाचे नेटवर्क १९२.१६८.२०.० आहे असे समजा. तिथल्या संगणकाचे गेटवे स्विचच्या त्या व्हीलॅनमधील पत्त्यावर वळवले, तर त्याचे पॅकेट राउटरपर्यंत नीट पोहोचते, पण राउटरला हे नेटवर्क स्विचच्या मागे आहे हे ठाऊक नसेल तर उत्तर परत येत नाही. स्विचवर ‘शो आयपी रूट’ ही मार्गांची यादी पाहिली तर सगळे ठीक दिसते, आणि माणूस विनाकारण स्विचवरच दोष शोधत बसतो. राउटरवर त्या नेटवर्कसाठी स्विचच्या पत्त्याकडे जाणारा मार्ग लिहिला की प्रश्न सुटतो.

पर्यायी मार्गाबाबत मात्र या स्विचकडून फार अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्या इंटरनेट जोडणीसाठी २५० डिस्टन्सचा (प्राधान्याचा आकडा; कमी असेल तो मार्ग आधी) राखीव मार्ग लिहिता येतो, कारण नेहमीच्या स्टॅटिक मार्गाचा डिस्टन्स १ असतो आणि तो असेपर्यंत राखीव मार्ग पुढे येत नाही. पण पहिला मार्ग मार्गांच्या तक्त्यातून निघतो तो व्हीलॅनचा इंटरफेस (स्विचचा त्या व्हीलॅनमधील पत्ता ज्यावर असतो तो) बंद पडल्यावर. त्या व्हीलॅनमधील एकही पोर्ट चालू असला तर इंटरफेसही चालू राहतो, आणि पलीकडची जोडणी बंद पडली तरी स्विच तिकडेच पॅकेट पाठवत राहतो. म्हणून दोन जोडण्यांमधील निवड आम्ही राउटरवरच ठेवली आहे.

आपण लिहिलेले स्टॅटिक मार्ग १६ पर्यंतच चालतात आणि ओएसपीएफसारखे मार्ग आपोआप शिकणारे प्रोटोकॉल नाहीत. तीन-चार नेटवर्कच्या कारखान्याला याची उणीव जाणवणार नाही. मार्ग ठरवण्याचे काम हार्डवेअरमध्येच होत असल्यामुळे रेकॉर्डिंग पाहताना आता बिलिंगला अडथळा येत नाही. फक्त आमच्या मॉडेलचे चोवीस पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, म्हणून रेकॉर्डर दोन गिगाबिट पोर्टांपैकी एकावर लावणे श्रेयस्कर.

ही मालिका आता कंपनीच्या आधाराबाहेर गेली आहे आणि सुरक्षेचे नवे अद्यतन मिळणार नाही, म्हणून त्याचे व्यवस्थापन इंटरनेटवरून उघडे ठेवू नये. वापरलेला स्विच घेताना विक्रेत्याला तो चालू करून ‘शो व्हर्जन’ दाखवायला सांगावे. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एल’ असेल तर तो लॅन बेस. ‘एस’ असेल तर तो लॅन लाइट असतो आणि राउटिंगसाठी तो घेण्यात अर्थ नाही.